यथादृश्य वेबपान संपादक

एचटीएमएलच्या (वेबपाने लिहिण्याच्या खूणभाषेच्या) खुणा हाताने न लिहिता, पान पडद्यावर जसे दिसणार तसेच समोर ठेवून ते रचू देणारे सॉफ्टवेअर. ‘दृश्य संपादक’ असेही म्हणतात. जाणकारांत ‘विझिविग’ ही इंग्रजी आद्याक्षरांची संज्ञा रूढ आहे.

या संज्ञेच्या उगमाविषयी एकमत नाही. ‘जे दिसते तेच मिळते’ अशा अर्थाचे मूळ इंग्रजी वाक्य १९७० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकन विनोदी नट फ्लिप विल्सन यांच्या ‘जेराल्डीन’ या पात्रामुळे घरोघरी पोहोचले. ते संगणकक्षेत्रात आणण्याचे श्रेय कोणी झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातील चार्ल्स सिमोनी व त्यांच्या सहकाऱ्यांना देतात, तर कोणी मुद्रणतज्ज्ञ जॉन सीबोल्ड यांना. शब्द कोणाचेही असोत, हे तत्त्व प्रत्यक्षात उतरले ते बटलर लॅम्पसन व सिमोनी यांच्या ‘ब्राव्हो’ या संपादकात (सु. १९७४), हे मत अधिक ग्राह्य वाटते. ब्राव्हो ज्या ‘आल्टो’ संगणकावर चाले त्याचा पडदा ६०६ × ८०८ बिंदूंचा, कागदासारखा उभा होता. हा तपशील किरकोळ नाही. तेथे ‘मिळणारी’ वस्तू ठरावीक मापाचा छापील कागद होती. वेबपानाला असे माप नसते आणि एचटीएमएल मुळात मजकुराचे रूप नव्हे, रचना सांगते. त्यामुळे वेबच्या बाबतीत ही संज्ञा काहीशी सैलपणेच वापरली जाते.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस सर्न या युरोपीय अणुसंशोधन संस्थेत लिहिलेल्या पहिल्या ब्राउझरमध्ये वाचन व संपादन एकत्र होते. १९९३ मध्ये आलेल्या मोझेकने ब्राउझर लोकप्रिय केला, पण त्यात संपादनाची सोय उरली नाही, ती उणीव पुढे फ्रंटपेज (१९९५, १९९६ पासून मायक्रोसॉफ्टकडे), मॅक्रोमीडियाचे ड्रीमवीव्हर (१९९७) आणि मुक्त स्रोत एनव्हीयू (२००५) यांनी भरून काढली.

मूल्यमापन : नवशिक्याला पहिले पान किती लवकर उभे राहते याचे महत्त्व; तज्ज्ञ पाहतो ती मागे उरणारी संहिता (एचटीएमएलचा मजकूर). यांपैकी दुसरी कसोटीच अखेर दोघांच्याही उपयोगाची, कारण नवशिक्याचे पान पुढे कोणाला तरी दुरुस्त करावे लागतेच. ती लावण्यासाठी हाताने लिहिलेली फाइल संपादकात उघडावी, काहीही न बदलता जतन करावी आणि दोन्ही प्रती ओळीने ओळ ताडून पाहाव्यात. फ्रंटपेजच्या सुरुवातीच्या आवृत्त्या या परीक्षेत संहिता स्वतःच्या पद्धतीने फिरवून लिहीत. ड्रीमवीव्हरने मात्र ती जशीच्या तशी राखण्याचा दावा आपल्या जाहिरातीतच केला होता. वर्ड प्रोसेसरमधील परिच्छेद चिकटवून त्याबरोबर किती निरुपयोगी शैलीखुणा येतात हे पाहणे, ही आणखी एक जुनी परीक्षा. तसेच शीर्षकासाठी संपादक शीर्षकाचीच खूण घालतो की नुसती अक्षरे मोठी व ठळक करतो, हेही तपासावे. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला फक्त पहिले कळते.

ब्राउझरमध्येच चालणाऱ्या संपादकांत (टायनीएमसीई, सीकेएडिटर इ.) एंटर दाबल्यावर एका ब्राउझरने परिच्छेदाची, दुसऱ्याने ‘डिव्ह’ची (पानाच्या सर्वसाधारण विभागाची), तर तिसऱ्याने केवळ ओळ तोडण्याची खूण घालावी, असे बराच काळ चालले.

देवनागरी पानांच्या बाबतीत दिसण्यावरचा भरवसा विशेष महागात पडला. युनिकोड (सर्व लिप्यांतील अक्षरांना ठरावीक संकेतांक देणारी पद्धत) रुळण्यापूर्वी संपादकात मजकूर निवडून त्याला मराठी फाँट लावला की पान अगदी सुबक मराठी दिसे. फाइलमध्ये मात्र रोमन अक्षरे व चिन्हेच साठत. तो फाँट नसलेल्या संगणकावर तीच उघडी पडत आणि देवनागरीत शोध घेता असे पान सापडत नसे. जुनी पाने संपादकात घेताना त्यांतील एखादी ओळ साध्या मजकुराच्या फाइलमध्ये चिकटवून पाहिली, की खरा प्रकार लगेच ध्यानात येतो.