मत्स्यटाकीचे सायकलिंग

नव्या मत्स्यटाकीत मासे सोडण्यापूर्वी तिच्या फिल्टरमध्ये नत्रचक्र चालवणाऱ्या जिवाणूंची पुरेशी वस्ती तयार करून घेण्याची प्रक्रिया. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून, तसेच उरलेल्या खाद्यातून अमोनिया सुटतो. जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. पहिले दोन पदार्थ माशांना विषारी आहेत, तिसरा बराच सौम्य. दुकानातून आणलेल्या कोऱ्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतात. त्यामुळे पहिल्याच दिवशी सोडलेले मासे बऱ्याचदा आठवडाभर चांगले दिसतात आणि नंतर एकामागून एक मरतात. दोष मात्र दुकानदाराच्या माशांना दिला जातो. बिनमाशांचे सायकलिंग, म्हणजे मासे न सोडता बाहेरून अमोनिया देऊन केलेले सायकलिंग, साधारण 3 ते 6 आठवडे चालते.

नायट्रेट बनणे हे सजीवांचे काम आहे हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ श्लोझिंग आणि म्यूंझ यांनी 1877 मध्ये दाखवले. वाळूच्या थरातून सांडपाणी झिरपत असताना क्लोरोफॉर्म दिल्यावर ही क्रिया थांबली. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनी 1890 च्या सुमारास त्यामागचे जिवाणू वेगळे काढले. पुढे बराच काळ पहिल्या टप्प्यासाठी नायट्रोसोमोनास आणि दुसऱ्यासाठी नायट्रोबॅक्टर ही जोडी सांगितली जाई. गोड्या पाण्याच्या टाक्यांत दुसरा टप्पा मुख्यतः नायट्रोस्पिरा सांभाळतो, हे 1998 च्या सुमारास स्पष्ट झाले. 2015 मध्ये तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचे सगळे काम एकट्याने करणारे नायट्रोस्पिरा सापडले आणि त्यांतला एक नमुना मत्स्यपालनाच्या फिल्टरमधून आलेला होता. हे सर्व जीव पाण्यात मोकळे तरंगत नाहीत, तर स्पंज, खडी, काच अशा पृष्ठभागांना चिकटून राहतात. म्हणून जुन्या टाकीचे नुसते पाणी नव्या टाकीत ओतून फारसा लाभ होत नाही.

मराठवाड्यात या प्रक्रियेचे सगळे गणित पाण्यापासून सुरू होते. काळ्या पाषाणातून येणारे बोअरचे पाणी क्षारांचे असते. त्याची क्षारता, म्हणजे आम्ल शोषून घेण्याची ताकद, बहुतेक ठिकाणी लिटरला 200 मिलिग्रॅमच्या वर आणि सामू म्हणजे पीएच 7.5 ते 8.5 असतो. या पाण्याचा फायदाही होतो आणि धोकाही. 1 मिलिग्रॅम अमोनिया-नत्राचे (वजन अमोनियातील फक्त नत्राचे) नायट्रेट होताना सुमारे 7 मिलिग्रॅम क्षारता खर्ची पडते. पूर्ण सायकलमध्ये लिटरमागे 10 मिलिग्रॅम अमोनिया जिरला, तर जवळपास 58 मिलिग्रॅम क्षारता जाते. बोअरच्या पाण्याला ते जाणवतही नाही. घरी येणारे जारचे पाणी किंवा आरओचे पाणी मात्र इथे फसते. त्यात क्षारता नावालाच असते, ती अमोनियाच्या पहिल्या एक-दोन मात्रांतच संपते, सामू 6.5 च्या खाली घसरतो आणि जिवाणूंचे काम थंडावते. लोक ‘स्वच्छ पाणी’ म्हणून जार वापरतात आणि दोन महिने झाले तरी टाकी तयार का होत नाही, असे विचारत राहतात. अशा वेळी 45 लिटरला 5 ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवून घातल्यास क्षारता सुमारे 65 मिलिग्रॅमने वाढते आणि अडकलेले काम पुन्हा चालू होते.

धोका अमोनियाच्या रूपाचा आहे. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, त्यातले मुक्त रूप खरे विषारी. 30 अंश सेल्सिअसला सामू 7 असताना एकूण अमोनियापैकी 1 टक्क्याहूनही कमी भाग मुक्त असतो, सामू 8.2 झाला की तोच 11 टक्क्यांवर जातो. म्हणजे चाचणीत 1 मिलिग्रॅम दिसले, तर मऊ पाण्यातला मासा एखादे वेळी तगेल, पण जालना-बीडकडच्या बोअरच्या पाण्यात त्याचे कल्ले भाजून निघतील. ‘आमच्याकडे पहिल्या दिवशीच मासे सोडतात, काही होत नाही’ हा दुसऱ्या मुलखातला अनुभव इथे लागू पडत नाही.

सुरुवात करण्याआधी नळाच्या किंवा बोअरच्या कोऱ्या पाण्याचीच नायट्रेट चाचणी करून आकडा लिहून ठेवावा. शेतीच्या खतांमुळे आणि शोषखड्ड्यांमुळे अनेक गावांच्या बोअरमध्ये आधीच भरपूर नायट्रेट असते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे आणि काही बोअर ती ओलांडतात. हे माहीत नसेल, तर दुसऱ्याच दिवशी टाकीत नायट्रेट बघून माणूस सायकल पूर्ण झाली असे समजतो.

नळाचे पाणी असेल तर क्लोरीन काढावे लागते. छत्रपती संभाजीनगरला पैठणच्या नाथसागराचे पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, ते टाक्यांत साठते, आणि टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडरचे प्रमाण कधी कमी, कधी बरेच जास्त असते. बादलीत एअर स्टोन (पंपाच्या हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा सच्छिद्र खडा) लावून 24 तास ठेवले की क्लोरीन उडून जाते. घाई असेल तर हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट वापरावे; लिटरला 1 मिलिग्रॅम क्लोरीनसाठी सुमारे 7.5 मिलिग्रॅम पुरते. ब्लीचिंगचा वास येणाऱ्या टँकरच्या पाण्याला दोन्ही उपाय करणे शहाणपणाचे.

मांडणी साधी असते. 2 फूट × 1 फूट × 1 फूट टाकीत खडी आणि वरची रिकामी जागा वजा जाता 45 लिटर पाणी मावते. तिला एक चांगला स्पंज फिल्टर आणि हवेचा पंप पुरतो. गोदावरीच्या पात्रातली खडी वापरायची असेल, तर आधी लिंबाचा रस टाकून पाहावा. फसफसली तर त्यात चुनखडी आहे. ती क्षारांच्या पाण्यात आणखी क्षार वाढवते, म्हणून बाजूला ठेवावी. काळ्या पाषाणाचे गोटे फसफसत नाहीत, ते चालतात.

फिल्टर 24 तास चालू ठेवल्यावर अमोनियाची मात्रा द्यायची. सर्वांत खात्रीचा स्रोत म्हणजे शुद्ध अमोनियम क्लोराइड, म्हणजेच नवसागर. कल्हईवाल्याकडचा नवसागर स्वस्त असतो, पण त्यात इतर धातूंचे क्षार असू शकतात. प्रयोगशाळेच्या रसायनांच्या दुकानातला घ्यावा. 10 ग्रॅम नवसागर 1 लिटर पाण्यात विरघळवून बाटलीत ठेवावा. 45 लिटरच्या टाकीत लिटरला 2 मिलिग्रॅम अमोनिया होण्यासाठी या द्रावणाचे 28 मिलिलिटर पुरतात. 5 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, जास्त अमोनियाने जिवाणूंचीच वाढ खुंटते. कोळंबीचा तुकडा किंवा खाद्य कुजवत ठेवणे हाही मार्ग आहे, पण त्यात मात्रा कळत नाही आणि उन्हाळ्यात घरभर वास सुटतो.

युरिया मात्र वापरू नये. घरात शेतीची पोती असतात म्हणून हा मोह मराठवाड्यात हमखास होतो. 2015 पासून देशात बनणाऱ्या सर्व युरियाला निंबोळी तेलाचे आवरण सक्तीचे आहे, आणि त्याचा हेतूच जमिनीतील नायट्रीकरण, म्हणजे अमोनियाचे नायट्रेट होणे, मंदावण्याचा आहे. निंबोळीतील घटक नायट्रोसोमोनासची वाढ दाबतात. शेतात जो गुण उपयोगी, तोच टाकीत आपण वाढवू पाहत असलेल्या जिवाणूंच्या मुळावर येतो.

पहिले आठ-दहा दिवस अमोनिया जागचा हलत नाही. या काळात पाणी दुधाळ झाले तर घाबरू नये आणि पाणीही बदलू नये. ते वेगळे, सेंद्रिय पदार्थांवर जगणारे जिवाणू असतात आणि काही दिवसांत निवळतात. मग अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइट चढते. 2 मिलिग्रॅम अमोनियातून सुमारे 5.4 मिलिग्रॅम नायट्राइट बनते, म्हणून तीन मात्रांनंतर चाचणीचा रंग तक्त्याच्या पलीकडे जातो. चाचणीसाठी कागदी पट्टीपेक्षा थेंबांचा संच घ्यावा, आणि रंग टोकाला गेला तर नमुना क्लोरीनविरहित पाण्याने चारपट पातळ करून मोजावा. नायट्राइट दिसू लागले की अमोनियाची मात्रा निम्मी, म्हणजे 14 मिलिलिटर, करून एक दिवसाआड द्यावी. नायट्राइटचा टप्पाच सर्वांत लांबतो. बहुतेकांचा धीर इथे सुटतो आणि ते मासे आणतात. आणखी एक गोष्ट: नायट्रेटची चाचणी नायट्राइटलाही रंग देते, म्हणून नायट्राइट शून्यावर येईपर्यंत नायट्रेटच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये.

ओळखीच्या माणसाची जुनी, निरोगी टाकी असेल तर हा सगळा काळ दहा-पंधरा दिवसांवर येऊ शकतो. तिच्यातला वापरातला स्पंज टाकीच्या पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात आणावा आणि नव्या फिल्टरला लावावा. डबा पूर्ण न भरता वर हवा ठेवावी आणि उन्हात ठेवू नये. बाटलीतल्या जिवाणूंचा भरवसा कमी असतो. मे महिन्यात पत्र्याखालच्या गोदामात पडून राहिलेल्या बाटलीत जिवंत काही उरलेले असण्याची शक्यता थोडी.

उन्हाळा हे इथले दुसरे संकट. बाहेर पारा 40 च्या वर असला की खोलीतल्या टाकीचे पाणी 32-34 अंशांवर जाते. जिवाणूंना ते सोसते, पण पाण्यातला प्राणवायू घटतो: 25 अंशांना लिटरमध्ये सुमारे 8.3 मिलिग्रॅम मावतो, 35 अंशांना 7 च्याही आत. शिवाय 1 मिलिग्रॅम अमोनिया-नत्राला 4.5 मिलिग्रॅमहून अधिक प्राणवायू लागतो. म्हणून उन्हाळ्यात स्पंजसोबत आणखी एक एअर स्टोन लावावा. भारनियमनात दोन-तीन तास वीज गेली तर स्पंज फिल्टर तग धरतो. बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरमधला प्राणवायू मात्र लवकर संपतो आणि आतली वस्ती मरू लागते. वीज आल्यावर तो तसाच चालू केला, तर आतले कुजके पाणी टाकीत येते. आधी उघडून ते ओतून द्यावे. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप किंवा इन्व्हर्टरवरची जोडणी ही चैनीची वस्तू समजू नये. हिवाळ्यात उलटे होते. परभणीत थंडीत पारा 10 अंशांखाली उतरतो; टाकी 18 अंशांवर राहिली तर वाढ निम्म्यावर येते. 50 वॉटचा हीटर 27-28 अंशांवर लावून ठेवावा.

टाकी तयार झाली हे एकाच चाचणीने ठरते. 28 मिलिलिटरची पूर्ण मात्रा दिल्यावर 24 तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले पाहिजेत, आणि दुसऱ्या दिवशी हाच निकाल पुन्हा मिळाला पाहिजे. त्यानंतर साठलेले नायट्रेट काढण्यासाठी अर्धे ते पाऊण पाणी बदलावे. पाणीटंचाईच्या भागात बिनमाशांच्या पद्धतीचा मोठा गुण हा की महिनाभरात मोठा पाणीबदल बहुधा हा एकच लागतो. मासे ठेवून सायकल करायची तर रोज पाव टाकी पाणी जाते. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते; अशा भागात हा फरक लहान नाही. काढलेले पाणी फेकू नये, नायट्रेटमुळे ते कुंड्यांना उत्तम.

मासे टप्प्याटप्प्याने सोडावेत. क्षारांच्या पाण्याला गप्पी, मॉली, प्लॅटी हे पहिले मासे योग्य. निऑन टेट्राला हे पाणी मानवत नाही. 45 लिटरला आधी पाच-सहा छोटे मासे आणि आठवड्याने पुढचे. पहिले दहा दिवस दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल इतके खाद्य द्यावे आणि एक दिवसाआड चाचणी करावी. नायट्राइट चुकून दिसले, तर पाव पाणी बदलून 10 लिटरला 1 ग्रॅम मीठ टाकावे. मिठातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून रक्तात शिरू देत नाही. फिल्टरचा स्पंज तुंबला तर तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. नळाखाली खळखळून धुतलेला स्पंज म्हणजे क्लोरीनने मारलेली वस्ती, आणि मग महिन्याचे काम पुन्हा पहिल्यापासून. मासे मिळायला उशीर होत असेल, तर दर दोन-तीन दिवसांनी 14 मिलिलिटर नवसागराचे द्रावण देत राहिल्यास टाकी तयारच राहते.