अमेरिकी घरांच्या माळ्यावर काय काय भरलंय

अमेरिकेत जुनं घर घेतलं की छताखालच्या अ‍ॅटिकमध्ये कुठलं इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, घालायचं हा प्रश्न नंतरचा. आधी पाहायचं ते जुन्या मालकांनी तिथे काय भरून ठेवलंय. न्यू जर्सी किंवा मिशिगनकडे जुनी घरं घेणाऱ्या मराठी मंडळींनाही यातून सुटका नाही.

राखाडी-सोनेरी, चमचमणारे हलके खडे दिसले तर ते बहुधा व्हर्मिक्युलाइट. अभ्रकासारखं हे खनिज तापवलं की लाह्यांसारखं फुलतं. पोतं आणायचं, वाशांच्या मधे ओतायचं, की झालं. कारागीर लागत नसे, म्हणूनच ते इतकं खपलं. १९१९ ते १९९० या काळात अमेरिकेत विकल्या गेलेल्या व्हर्मिक्युलाइटपैकी ७० टक्क्यांहून जास्त माल मोंटाना राज्यातल्या लिबी गावच्या एकाच खाणीतला होता. ‘झोनोलाइट’ या नावाने तो घरोघरी पोचला. खाण १९६३ मध्ये डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनीकडे गेली आणि १९९० मध्ये बंद पडली. त्या डोंगरात व्हर्मिक्युलाइटच्या जोडीने अ‍ॅस्बेस्टॉसही होतं, म्हणजे श्वासावाटे आत गेलं की फुप्फुसांना घातक ठरणारं तंतुमय खनिज. गावातले आजार आणि मृत्यू १९९९ मध्ये बातम्यांत झळकले, तेव्हा कुठे केंद्राची पर्यावरण संस्था, ईपीए, तिथे तपासाला उतरली. २००९ मध्ये लिबीत सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर झाली.

त्या मानाने फायबरग्लासचा, म्हणजे काचेच्या बारीक तंतूंच्या इन्सुलेशनचा, प्रवास सरळ. ओवेन्स कॉर्निंग कंपनी १९३८ मध्ये उभी राहिली. तिचा तो प्रसिद्ध गुलाबी रंग १९५६ चा.

इन्सुलेशनच्या जाडीची खरी फिकीर सुरू झाली ती १९७३ च्या अरब तेलबंदीनंतर. हीटिंगची बिलं चढली, सरकारही मदतीला आलं. १९७८ च्या कायद्याने घरमालकाला ऊर्जाबचतीच्या खर्चावर १५ टक्के, जास्तीत जास्त ३०० डॉलर करसवलत दिली. मागणी एवढी उसळली की फायबरग्लास पुरेना. मग रद्दी वर्तमानपत्रांचा भुगा, म्हणजे सेल्युलोज, पुढे आला. त्यात आग रोखणारी रसायनं नीट मिसळली नाहीत तर तो पेटतो, म्हणून १९७८ मध्येच संसदेला घाईने सुरक्षा नियम करावा लागला. कॅनडात भिंतींमध्ये युरिया-फॉर्मल्डिहाइडचा फोम भरला जात होता. त्यातून वायू सुटतो म्हणून डिसेंबर १९८० मध्ये त्यावर बंदी आली. घाईची सवलत आधी आणि तपासणी मागून, असा हा दशकभराचा कारभार.

विक्रेत्यांच्या वाटेल त्या दाव्यांना चाप बसावा म्हणून केंद्रीय व्यापार आयोगाने १९७९ मध्ये आर-व्हॅल्यूचा नियम काढला. उष्णतेला होणारा अडथळा त्या आकड्याने मोजला जातो. थंड राज्यांत अ‍ॅटिकला आज आर-४९ ते आर-६० सुचवतात. हवा झिरपणाऱ्या फटी बुजवून वर सेल्युलोज किंवा फायबरग्लास फुंकून घेतलं तर बहुतेक घरांचं भागतं, असं माझं मत. पण खाली ते चमचमणारे खडे असतील तर ढवळू नका, झाडू नका. अ‍ॅस्बेस्टॉस आहे असंच धरून चाला, असं ईपीए सांगते. ते काढायचंच झालं तर प्रशिक्षित माणसं बोलवावी लागतात, आणि मग निवडीच्या आधीच बजेटचा मोठा हिस्सा तिकडे जातो.