उल्का पाहायच्या तर तीनचा गजर लावा

उन्हाळ्यात सोलापुरातली अंथरुणं गच्चीवर जातात. बाकीचा महाराष्ट्र ज्या चादरी पांघरतो, त्या आम्ही तापलेल्या फरशीवर अंथरतो. मे उजाडला की मोबाईलवर तो मेसेज येतोच : ‘आज रात्री उल्कांचा पाऊस, कुंभ राशीवाल्यांनी जपावे.’ जेवणं उरकून मंडळी नऊला आभाळाकडे बघत बसतात, काहीच दिसत नाही, आणि दहाला घोरायला लागतात.

चुकते ती वेळ; या उल्का दिसतात पहाटे. 5-6 मेच्या सुमारास पृथ्वी हॅलेच्या धूमकेतूनं जुन्या फेऱ्यांमध्ये सांडलेल्या धुळीतून जाते. धूमकेतू स्वतः 1986 साली येऊन गेला, आता 2061 मध्ये येईल. धूळ मात्र दरवर्षी भेटते, तिच्याच कणांच्या उल्का होतात.

पण पहाटेच का? संध्याकाळी होटगी रोडनं स्कूटरवरून जाताना किडे तोंडावर आदळतात, पाठीवर नाही. पृथ्वीही सूर्याभोवती सेकंदाला 30 किलोमीटर वेगानं पळते आहे. जिथं पहाट होत असते ते तिचं तोंड, जिथं संध्याकाळ ती पाठ. म्हणजे नऊ वाजता आपण पाठीवर बसून किड्यांची वाट बघत असतो! त्यातून हॅले सूर्याभोवती उलटा फिरतो, त्यामुळे त्याची धूळ समोरून येते. तिचा वेग सुमारे 41, आपला 30. अगदी नाकासमोर टक्कर झाली असती तर बेरीज 71. कण जरा तिरके येतात म्हणून 66.

वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. या वेगानं येणाऱ्या 1 ग्रॅम कणात साधारण 22 लाख ज्यूल ऊर्जा असते, म्हणजे अर्धा किलो टीएनटी या स्फोटकाएवढी. बहुतेक कण तर याहून कितीतरी हलके. शंभरएक किलोमीटर उंचीवर हवेचे रेणू आदळून कणाची वाफ होते, वाफेतले अणू हवेला धडकून उजळतात, आणि खाली कुणीतरी म्हणतं, ‘तारा तुटला.’

राहता राहिली कुंभ रास. समांतर रूळ लांबवर एका ठिकाणी मिळालेले दिसतात, तशा या उल्का कुंभेतून फुटल्यासारख्या दिसतात. तिथल्या ताऱ्यांचा त्यांच्याशी काही संबंध नाही, कुंभ राशीच्या माणसांचा तर त्याहून नाही.

कुंभेचा तो भाग दोनच्या सुमारास पूर्वेला उगवतो. तीन ते साडेचार ही खरी वेळ. ‘तासाला 50 उल्का’ असा जो आकडा सांगतात, तो काळ्याकुट्ट आभाळाचा आणि रास डोक्यावर असतानाचा. शहरातल्या गच्चीवर पाच-दहा दिसल्या तरी खूप. नान्नजच्या बाजूला कुणा पाहुण्याचं शेत असेल तर तिकडं जा. चादर न्या, त्या वेळी ती पांघरायलाही लागते.