तक्रार दिली, आता पुढे काय? गुन्हा सोसलेल्यांसाठी थोडी माहिती

आमच्या वकिलीच्या ऑफिसात बरेच जण एक कागद पुढे करतात आणि म्हणतात एफआयआर झालीय. बघावं तर ती असते एनसीची पावती. दोन्हींत फार फरक आहे, एफआयआर असते दखलपात्र गुन्ह्याची, त्यात पोलीस स्वतःहून तपास करू शकतात, आणि एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, त्यात कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत, म्हणून ठाण्यातून निघायच्या आधी कागद नीट वाचा.

"ही आमची हद्द नाही" असं ऐकावं लागलं तर झिरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी नोंदवायची एफआयआर. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, ऑनलाइन दिली तर मात्र ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, ती मागून घ्याच. नोंदवूनच घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लेखी कळवा आणि पोस्टाची पावती जपून ठेवा, कारण तरीही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो आणि तिथे तीच पावती लागते.

एफआयआर झाली की लोक गप्प बसतात, हे आम्हाला बिलकुल पटत नाही. तपास कुठवर आलाय ते ९० दिवसांच्या आत तुम्हाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, नाही कळवलं तर लेखी विचारा. केस सरकारी वकील चालवतात, पण कोर्टाच्या परवानगीने त्यांच्या मदतीला तुमचा वकील देता येतो. आरोपी सुटला तर अपिलाचा हक्क तुम्हालाही आहे, हे तर कित्येकांना माहीतच नसतं.

आता पैशाचं. त्याच संहितेच्या कलम ३९६ खाली नुकसानभरपाई मिळू शकते, आणि आरोपी सापडला नाही तरी अर्ज करता येतो! अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. महाराष्ट्रात बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यासाठी मनोधैर्य योजना आहे, १० लाखांपर्यंत. असे पेशंट आले तर हॉस्पिटल सरकारी असो की खाजगी, उपचार लगेच आणि मोफत करायलाच लागतात.

महिला, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न बघता प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो, फोन १५१००. आमची फी परवडत नसेल तर बिनधास्त तिकडे जा, आम्हाला राग नाही. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. ऑनलाइन पैसे गेले असतील तर आमच्याकडे यायच्या आधी १९३० लावा, तिथे एकेक मिनिट महत्त्वाचं असतं.

आमच्याकडे येताना एफआयआर, हॉस्पिटलचे कागद, बिलं असं जे असेल ते आणा, झेरॉक्सपण चालेल. फक्त मोबाइलमधले मेसेज आणि कॉल रेकॉर्डिंग डिलीट करू नका, कितीही नकोसे वाटले तरी.