चकवा, झिरा आणि घड्याळाचा काटा

आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत चकवा न लागलेला म्हातारा सापडणं कठीण. माझ्या आबाजींना तो मोहफुलाच्या दिवसांत लागला होता. आभाळ भरलेलं, पायवाट रोजची, तरी रात्री एकाच बेहड्याला वळसे घालत राहिले. तिसऱ्यांदा तेच झाड समोर आलं तेव्हा त्यांनी घरात चालत आलेला उपाय केला. चपला काढल्या, डावी उजव्या पायात आणि उजवी डाव्या पायात घातली आणि मुकाट बसून राहिले. उजाडलं तेव्हा देवळाचा कळस पाव कोसावर दिसत होता.

जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेत यान सौमन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हाच चकवा मोजला. माणसांना अनोळखी जंगलात सोडून सरळ चालत राहायला सांगितलं आणि जीपीएसने त्यांची वाट टिपली. सूर्य दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ चालली. आभाळ भरलेल्या दिवशी मात्र ती गोल फिरली, आपलीच वाट ओलांडून गेली आणि त्यांना पत्ताही लागला नाही. डोळ्यांवर पट्टी बांधली तेव्हा काहींचं वर्तुळ जेमतेम २० मीटर व्यासाचं झालं. एक पाय आखूड असतो म्हणून असं होतं, हा जुना समज त्यात टिकला नाही. ‘सरळ म्हणजे कुठे’ याचा मेंदूतला अंदाज प्रत्येक पावलागणिक किंचित चुकतो, चुका साचत जातात, आणि बाहेर सूर्य, चंद्र किंवा डोंगर यांपैकी काही दिसत नसेल तर त्या दुरुस्त होत नाहीत.

आता आबाजींचा उपाय पाहा. चपला बदलायच्या तर आधी बसावं लागतं. जंगलात तग धरायला शिकवणाऱ्या इंग्रजी पुस्तकांतही वाट चुकल्यावरचं पहिलं काम हेच असतं: थांबा, बसा, मग विचार करा. आमच्याकडे तेच चपलेत गुंडाळून दिलं होतं, एवढाच फरक.

अशा पुस्तकांचा खरा उपयोग मला इथेच दिसतो. जॉन लीच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने संकटात सापडलेल्या माणसांचा अभ्यास केला आहे. ऐन प्रसंगी बरीचशी माणसं ना पळतात ना लढतात, थिजून जातात. नवा बेत रचायला मेंदूला वेळ लागतो आणि भीतीत तो नेमका मिळत नाही. आधी शिकलेली कृती असेल तर ती मात्र पटकन हाताशी येते. म्हणून ही पुस्तकं घरी, पंख्याखाली, दोन-तीनदा वाचायची असतात. वाघाचे पगमार्क दिसल्यावर पानं चाळत बसणाऱ्याला मी तरी अजून पाहिलेलं नाही.

माझी प्रत नागपूरला सीताबर्डीच्या फुटपाथवर मिळाली. अमेरिकी लष्कराचं ‘एफएम २१-७६’, सैनिकांना रानावनात तग धरायला शिकवणारं. सरकारी प्रकाशन असल्याने त्यावर कॉपीराइट नाही, म्हणून त्याच्या स्वस्त प्रती जगभर निघतात. त्यातलं सौर ऊर्ध्वपातनाचं चित्र मला फार आवडलं. जमिनीत खड्डा, मधे भांडं, वर ताणलेली प्लास्टिकची पन्नी, पन्नीच्या मध्यावर एक दगड. उन्हाने ओल्या मातीतली वाफ उठते, पन्नीच्या आतल्या बाजूला तिचे थेंब होतात आणि दगडाने केलेल्या उतारावरून ते भांड्यात पडतात. रे जॅक्सन आणि कॉर्नेलियस व्हॅन बाव्हेल या दोघा शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये ही युक्ती मांडली आणि तेव्हापासून ती जवळपास प्रत्येक पुस्तकात आहे.

एका मे महिन्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर, मी ती करून पाहिली. कोरड्या नाल्याच्या काठाची काळी माती मेमध्ये कशी असते ते विदर्भाबाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. वर तळहात जाईल एवढ्या भेगा, आणि कुदळ मारली की खणकन आवाज. तीन फूट रुंद, दोन फूट खोल खड्ड्याला मला दीड तास लागला. त्यात पळसाचा पाला टाकला, जर्मनचा गंज (अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं) ठेवला, पन्नी ताणली, कडेने माती दाबली. तेवढ्यात दोन लिटरची बाटली रिकामी झाली. शेळ्या घेऊन निघालेला ओळखीचा गुराखी बराच वेळ काठीवर हनुवटी टेकून पाहत होता.

“सर, पाणी काढून राहिले का घाम काढून राहिले?”

दुसऱ्या दिवशी सकाळी गंजात पाऊण कप पाणी होतं. त्याला प्लास्टिकचा वास येत होता.

गुराख्याने मला तिथून शंभर पावलांवर नेलं. नाल्याचं वळण, वळणाच्या बाहेरच्या अंगाला जांभळाचं मोठं झाड, खाली वाळू. हातांनीच त्याने झिरा उकरला. दोन हात खाली वाळू ओली लागली, थोड्या वेळाने तळाशी पाणी जमलं. पहिलं गढूळ पाणी उपसून टाकलं, मग नितळ यायला लागलं.

यामागचं विज्ञान त्या पन्नीपेक्षा सरस आहे. पुराचं पाणी वळणाच्या बाहेरच्या काठावर जोराने आदळतं, तिथे पात्र खोल खरवडलं जातं आणि नंतर ते वाळूने भरतं. म्हणजे वाळूखाली लपलेला डोह. वाळूचे कण मोठे असल्याने केशाकर्षणाने, म्हणजे कणांमधल्या बारीक फटींतून, पाणी फार वर चढत नाही, त्यामुळे पाण्याची पातळी दोन-तीन फूट खाली गेली की बाष्पीभवन जवळजवळ थांबतं. उघडं तळं आटतं तेव्हाही झिरा जिवंत असतो तो म्हणून. आणि आमचा साग मेमध्ये पानं टाकून उघडा उभा असताना जांभूळ हिरवंगार आहे, याचाच अर्थ त्याच्या मुळांना पाणी लागलेलं आहे. (फांदीला प्लास्टिकची पिशवी बांधून पानांनी सोडलेली वाफ गोळा करायची, हाही एक पुस्तकी उपाय. उन्हाळ्यात सागाच्या जंगलात तो करणाऱ्याने आधी पान शोधावं.)

घरी येऊन पुस्तक पुन्हा उघडलं. कोरड्या नदीच्या वळणावर उकरा, हे त्यातही होतं! एका तक्त्यातली एक ओळ. चित्र मात्र पन्नीचं होतं, म्हणून मी पन्नी केली.

उन्हाचंही असंच. ‘माणूस पाण्यावाचून तीन दिवस काढतो’ हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. ते थंड हवेचं आहे. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४६ वर जातो तेव्हा हवा अंगापेक्षा गरम असते, म्हणजे अंगातली उष्णता हवेत जाण्याऐवजी हवेतली अंगात येते. सुटकेचा मार्ग एकच, घाम. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तेवढी उष्णता अंगातच राहिली तर ७० किलोच्या माणसाचं तापमान दहाएक अंशांनी चढेल. कष्ट करताना हा एक लिटर तासाभरात जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एडवर्ड अॅडॉल्फ यांनी अमेरिकेच्या वाळवंटात सैनिकांवर प्रयोग केले, त्यांतून निघालं की जवळचं पाणी पुरवून पुरवून प्यायल्याने काही साधत नाही. कमी पाण्यात भागवायची सवय शरीराला लागतच नाही. पाणी प्यायचं, आणि वाचवायचा तो घाम: दुपारभर सावलीत पडून राहायचं, चालायचं ते पहाटे. तेंदूपत्ता तोडणारी माणसं झुंजूमुंजू असतानाच निघतात आणि ऊन चढायच्या आत पुडे बांधायला घरी येतात. खिशातल्या कांद्याने मात्र ऊन लागायचं थांबत नाही. तो भाकरीबरोबर खावा.

आता घड्याळ. काट्यांच्या घड्याळाचा तासकाटा सूर्याकडे धरा. तो आणि १२ यांच्यामधली दिशा दक्षिण. ही युक्ती मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवली, आणि मग एका जूनमध्ये मैदानावर होकायंत्र शेजारी ठेवलं. सकाळी ९ वाजता घड्याळ जिला दक्षिण म्हणत होतं ती दिशा प्रत्यक्षात आग्नेयेच्याही पूर्वेला होती. चूक ५५ ते ६० अंशांची. एवढ्या चुकीने दोन किलोमीटर चाललात तर ठरल्या जागेपासून जवळजवळ दोन किलोमीटरच दूर पोचाल.

कारण आपल्या अक्षांशात आहे. नागपूर २१ अंश उत्तरेला, कर्कवृत्ताच्या आत. २६ मेच्या सुमारास इथे सूर्य भर माथ्यावर येतो, सावली पायाखाली जाते. तिथून जुलैच्या मध्यापर्यंत तो दुपारी माथ्याच्या उत्तरेकडून जातो. युक्ती बेतलेली आहे सूर्य कायम दक्षिणेकडे कलणाऱ्या देशांसाठी. विषुववृत्तापासून जितके दूर तितकी ती अचूक, असं पुस्तक सांगतंही, पण मी ते वाक्य ओलांडून पुढे गेलो होतो.

रात्री मात्र तोच अक्षांश कामाला येतो. ध्रुवतारा जितक्या अंशांवर उभा, तितका आपला अक्षांश. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश झाकते. म्हणजे आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून दोन मुठी वर, झाडाझुडपांत हरवण्याइतका खाली. युरोपातल्या चित्रांसारखा उंच आभाळात शोधत बसलात तर सापडणार नाही.

सर्पदंशाचं पान सगळ्यात आधी तपासावं, कारण ते जुनं असेल तर जिवावर बेततं. जखमेवर चीर द्या, विष चोखा, वर आवळून बांधा, असं जुन्या पुस्तकांत सर्रास आहे. आज हे तिन्ही करू नका असंच सांगितलं जातं. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर आपल्याकडचं प्रतिविष चालतं, आणि ते दवाखान्यातच मिळतं. चावलेला हात-पाय हलू द्यायचा नाही, मोडलेल्या हाडासारखा फळीला बांधायचा, माणसाला चालवायचं नाही, धीर द्यायचा आणि न्यायचं. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. खूण दिसत नाही, फारसं दुखत नाही, म्हणून लोक सकाळची वाट पाहतात. ती पाहू नये.

माझ्या प्रतीतल्या चीर देण्याच्या चित्रावर आता लाल पेनाची फुली आहे. घड्याळाच्या पानावर ‘मे ते जुलै नाही’ असं लिहिलंय. मागच्या कोऱ्या पानावर मुलांनी गावाच्या शिवारातले सात झिरे काढलेत, प्रत्येकाशेजारी झाडाचं नाव. त्याखाली प्रतिविष ठेवणाऱ्या दोन दवाखान्यांचे फोन नंबर आहेत, आणि मोबाईलला रेंज कोणत्या टेकाडावर येते तेही. पन्नी गुराख्याने नेली. पहिल्या पावसात त्याच्या शेळ्या तिच्याखाली उभ्या होत्या.