केंब्रियन वे

केंब्रियन वे : वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील कार्डिफ या राजधानीपासून उत्तर किनाऱ्यावरील लँडडनोपर्यंत जाणारा पर्यटन-मोटारमार्ग. लांबी सु. ३०० किमी. वेल्स शासनाच्या पर्यटन विभागाने २०१९ च्या सुमारास पुढे आणलेल्या ‘वेल्स वे’ योजनेतील तीन मार्गांपैकी हा सर्वांत लांब. कार्डिगन उपसागराच्या कडेने जाणारा कोस्टल वे (सु. २९० किमी.) व उत्तर किनाऱ्याजवळचा नॉर्थ वेल्स वे (सु. १२० किमी.) हे उरलेले दोन. केंब्रियन वेसाठी नवा रस्ता बांधलेला नाही. ए-४७० या हमरस्त्याचेच हे दुसरे नाव. कार्डिफहून कॉनवीला डोंगरमाथ्यांवरून जाणारी याच नावाची पायवाट याहून जुनी, लांब व कष्टाची असून दोहोंची गल्लत वारंवार होते.

नाव व पूर्वपीठिका : ‘केंब्रिया’ हे वेल्सच्या ‘कम्री’ या स्वभाषिक नावाचे लॅटिन रूप. ‘कम्री’चा मूळ अर्थ ‘एका देशाचे लोक’ असा मानतात. केंबर राजावरून हे नाव पडले, ही मॉनमथच्या जेफ्री या इतिवृत्तकाराने बाराव्या शतकात सांगितलेली कथा नावावरून मागाहून रचलेली दिसते. भूविज्ञानातील ‘केंब्रियन’ ही कालखंडवाचक संज्ञाही येथलीच. भूवैज्ञानिक ॲडम सेजविक यांनी ती १८३५ मध्ये रूढ केली.

ए-४७० हा रस्ता आरंभी कार्डिफ ते ब्रेकन एवढाच होता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस उत्तरेकडील अनेक तुटक रस्ते एका क्रमांकाखाली आणून तो उत्तर किनाऱ्यापर्यंत वाढवला गेला. दक्षिणोत्तर जोडणारी सलग वाट वेल्समध्ये त्यापूर्वी कधीच नव्हती का, हा प्रश्न विचारला की ‘सार्न हेलेन’ या रोमन रस्त्याचा उल्लेख निघतो. त्याचे तुकडे बेटुस-अ-कोइड, डॉलविथेलन व ट्राउसवनिद या परिसरांत आजही दिसतात आणि काही ठिकाणी ते ए-४७० च्या अगदी जवळ येतात. ‘सार्न’ म्हणजे भराव घातलेली वाट. ‘हेलेन’विषयी मात्र एकमत नाही. मॅबिनोगियन या मध्ययुगीन वेल्श कथासंग्रहातील मॅक्सेनच्या स्वप्नकथेत एलेन ही राजकन्या किल्ल्याकिल्ल्यांना जोडणारे रस्ते बांधवून घेते. मॅक्सेन म्हणजे ३८३ मध्ये ब्रिटनमधील सैन्याने सम्राट घोषित केलेला व ३८८ मध्ये मारला गेलेला मॅग्नस मॅक्सिमस. परंतु कथेची उपलब्ध हस्तलिखिते चौदाव्या शतकाच्या अलीकडे-पलीकडची आहेत आणि रस्ते बहुधा तिच्या नायकाच्या तीन शतके आधीचे. शिवाय रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनची माता सेंट हेलेना व ही एलेन यांच्या कथा मध्ययुगातच एकमेकींत मिसळल्या. दुसऱ्या मतानुसार मूळ शब्द सैन्यदलवाचक ‘थ्लेंग’ असून ‘हेलेन’ हा त्याचा अपभ्रंश. ध्वनिदृष्ट्या हे ओढूनताणून वाटते. रस्ता आधी व एलेनचे नाव त्याला नंतर चिकटले, हे मत अधिक ग्राह्य धरावे. (वेल्श भाषेतील ‘थ्ल’सारखा ध्वनी देवनागरीत नेमका उतरत नाही; येथील विशेषनामे अंदाजी समजावीत.)

मार्ग : कार्डिफ, पॉन्टीप्रिद व मर्थर टिडफिल हा भाग कोळसा व लोखंडाच्या खोऱ्यांचा. त्यापुढे रस्ता बॅनाय ब्रखेनियॉग राष्ट्रीय उद्यानात शिरतो (स्थापना १९५७, २०२३ पासून उद्यानाचे प्रशासन हेच वेल्श नाव वापरते). दक्षिण वेल्समधील सर्वांत उंच शिखर पेन-अ-वॅन (८८६ मी.) येथून जवळ आहे. ब्रेकननंतर वाय नदीची सोबत. मधला भाग विरळ वस्तीचा. रस्ता बहुतेक ठिकाणी दुपदरी. वळणाआधी डांबरावर पांढऱ्या ठळक अक्षरांत ‘आराव’ व त्याच्या जोडीला इंग्रजी ‘स्लो’, असा एकच इशारा दोन भाषांत रंगवलेला असतो. डॉलगेथ्लाय, ट्राउसवनिद व स्लेटच्या (पाटीच्या दगडाच्या) खाणींचे ब्लायनाय फेस्टिनिऑग मागे टाकून तो क्रिमिया खिंड (सु. ३८५ मी.) ओलांडतो. खिंडीला हे नाव तेथे पूर्वी असलेल्या ‘क्रिमिया’ नावाच्या खानावळीवरून पडले. मूळ वेल्श नाव बुल्ख-अ-गॉर्दिनन. वायव्य वेल्समधील स्लेट-भूदृश्याला २०२१ मध्ये जागतिक वारसा दर्जा मिळाला. वेल्समधील सर्वोच्च शिखर अर विद्‌वा (स्नोडन, १,०८५ मी.) प्रत्यक्ष या मार्गावर नाही; त्यासाठी बेटुस-अ-कोइडहून पश्चिमेला वळावे लागते.

जलाशय : मार्गावरील रेयाडर या गावाच्या नैर्ऋत्येस एलन खोऱ्यात १८९३–१९०४ या काळात बर्मिंगहॅम शहरासाठी धरणे बांधली गेली. पाणी सु. ११७ किमी. लांबीच्या जलवाहिनीतून केवळ गुरुत्वाकर्षणाने जाते. एवढ्या अंतरात उतार जेमतेम ५२ मी. असल्याने प्रवासास सु. दीड दिवस लागतो. सु. शंभर रहिवाशांना घरे सोडावी लागली. भरपाई जमीनमालकांनाच मिळाली. ट्राउसवनिदचे तळेही मानवनिर्मित असून ते १९२० च्या दशकात जलविद्युतेसाठी केले गेले. त्याच्या पाण्यावर थंड होणारे अणुवीज केंद्र १९६५ ते १९९१ या काळात चालले. पहिल्या महायुद्धात १९१७ मध्ये मारला गेलेला कवी हेद विन याच गावचा. त्याला मरणोत्तर मिळालेली आइस्टेदवॉड या वेल्श साहित्य-संगीत महोत्सवाची मानाची खुर्ची काळ्या वस्त्राने झाकण्यात आली होती.

वन्यजीव : लाल घार विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये केवळ मध्य वेल्सच्या दऱ्यांत, तीही मोजक्या जोड्यांच्या रूपात, उरली होती. शिकार, विषप्रयोग व अंडी जमवण्याचा छंद ही कारणे. आज रेयाडरजवळच्या एका शेतावर दुपारी मांस टाकले की शेकडो घारी एकाच वेळी उतरतात. आपल्या घारीहून तिचा रंग तांबूस व शेपटीची खाच खोल असते.

लँडडनोलगतच्या ग्रेट ऑर्म या चुनखडीच्या भूशिरावर कांस्ययुगीन तांब्याच्या खाणी आहेत व काश्मिरी शेळ्यांचा मोकाट कळप आहे. तो विंडसरच्या शाही कळपातून एकोणिसाव्या शतकात आला, असे सामान्यतः मानतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने रस्ते ओस पडले तेव्हा या शेळ्या गावात उतरल्या व घरांपुढची कुंपणे खाऊ लागल्या. ब्रिटिश सैन्यातील रॉयल वेल्श पलटणीच्या मानाच्या बोकडासाठी अलीकडे याच कळपातून पिल्लू निवडले गेले आहे.