पोट उडणे (बालरोग)

पोट उडणे : तान्ह्या मुलाला श्वास जड झाला की पोट भराभर वरखाली होते आणि दर श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडतो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी घरांत याला ‘पोट उडतंय’ म्हणतात. हा स्वतंत्र आजार नाही, लक्षण आहे. पण आज्यांची ही नजर पक्की आहे. न्यूमोनिया ओळखताना डॉक्टरही आधी हेच पाहतात.

तान्हे बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेते, म्हणून साध्या सर्दीतही ते घुरघुरते. एवढ्याने घाबरू नये. विषाणूमुळे बारीक श्वासनलिका सुजल्या (ब्राँकिओलायटिस) तर छातीत शिट्टीसारखा आवाज येतो. त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. क्रूपमध्ये (स्वरयंत्राजवळच्या सुजेत) खोकला कुत्र्याच्या भुंकण्यासारखा येतो, बहुधा रात्री. डांग्या खोकल्यात तान्ह्याला ढास न लागता श्वासच थांबू शकतो.

मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. २ महिन्यांच्या आत ६०, वर्षापर्यंत ५०, पुढे ५ वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त भरले तर दवाखाना गाठावा. खळगा पडणे, कण्हणे, दूध सोडणे, ओठ निळे पडणे यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा.

खानापूरकडच्या कणकुंबी-जांबोटीच्या पावसात दारे बंद, चूल पेटलेली आणि त्याच घरात बाळंतीण, असे असते. त्यात न्हाऊ घातल्यावर निखाऱ्यावर ओवा, लसणाच्या साली, धूप टाकून बाळाला धुरी देतात. हे सारे मायेपोटी होते, पण तो धूर कोवळ्या फुप्फुसांना सोसत नाही. ऊब हवी तर कुंची आहे, आईची छाती आहे. नाकात तेल सोडू नये. ते फुप्फुसात उतरून सूज येते. बिब्ब्याचा चटका तर कधीच देऊ नये. त्याने श्वास सुटत नाही, उलट जखम होते आणि उपचाराची वेळ जाते.

डांग्या खोकला व हिब (न्यूमोनिया करणारे एक जंतू) यांविरुद्धची पेंटाव्हॅलंट लस ६, १०, १४ आठवड्यांना देतात. न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या दुसऱ्या जंतूविरुद्धची न्यूमोकोकल लस ६ व १४ आठवड्यांना आणि ९ महिन्यांनी मिळते. २०१७ पासून ती सरकारी कार्यक्रमात टप्प्याटप्प्याने आली. दोन्ही मोफत आहेत. दवाखान्यात जाताना ‘तायी कार्ड’ (आई-बाळाच्या तपासण्या व लसींच्या नोंदींचे सरकारी कार्ड; कानडीत तायी म्हणजे आई) सोबत न्यावे. नर्स कानडीच बोलत असेल तर खोकल्याला ‘केम्मु’, सर्दीला ‘नेगडी’, श्वासाला ‘उसिरु’ म्हणावे. आणि शब्द सुचलाच नाही तर झबले वर करून बाळाचे पोट दाखवावे.